कानांना मत्स्यगंधा, डोळ्यांना आई



एकाच माणसाशी आपली दोनदा ओळख व्हावी आणि त्या दोन ओळखी वर्षानुवर्षे एकमेकींना भेटूच नयेत, असे तुमच्या बाबतीत कधी घडले आहे का? माझ्या बाबतीत घडले. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या आशालता वाबगांवकर यांच्याशी माझी पहिली ओळख कानांनी झाली आणि दुसरी डोळ्यांनी. या दोन्ही बाई एकच, हे मला खूप उशिरा समजले.

माझे बालपण ओझरचे. १९६४ मध्ये इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि द्राक्षांच्या, कांद्याच्या या मुलखात देशभरातली माणसे राहायला आली. शेजारी कानडी, समोर पंजाबी, पलीकडे मल्याळी. आमच्या घरी दखनी बोलली जाई आणि शाळेत मराठी. घरातली मराठी यायची ती रेडिओतून. फळीवर ठेवलेल्या रेडिओवर 'आपली आवड' लागले की अम्मी रोट्या भाजता भाजता ऐकत असे. त्यात एक आवाज वरचेवर यायचा. फार पातळ नाही, फार भारदस्तही नाही; शब्द अगदी स्वच्छ. निवेदिका सांगायची, नाटक 'मत्स्यगंधा', संगीत जितेंद्र अभिषेकी, गायिका आशालता वाबगांवकर. अम्मीला सगळे शब्द कळत नसत, पण ती म्हणायची, "या बाईचा लफ्ज साफ आहे." ही झाली पहिली ओळख.

दुसरी ओळख ऐंशीच्या दशकातली. वसाहतीत दूरचित्रवाणी संच आले आणि संध्याकाळी ज्याच्याकडे संच त्याच्याकडे गल्ली गोळा होऊ लागली. हिंदी चित्रपट लागला की त्यात कधी वहिनी, कधी आई, कधी आजी म्हणून एक शांत, सोशिक चेहऱ्याची बाई दिसायची. तिचे नाव कुणी विचारत नसे. एकदा शेजारच्या काकूंनी पडद्याकडे बोट केले आणि म्हणाल्या, "अरे, ही तर आमची मत्स्यगंधा! लग्नाआधी मी मुंबईला हिचं नाटक पाहिलंय. काय गायची!" खोलीतल्या कुणालाच त्यात फारसे काही वाटले नाही. मला मात्र ते वाक्य चिकटून राहिले. रेडिओतली गायिका आणि पडद्यावरची आई एकच असेल, तर मधे काय झाले? गाणे कुठे गेले?

आशालताबाईंच्या कारकिर्दीकडे पाहण्याची माझी वाट या प्रश्नातून निघते. पण एका कलावतीपुरताच हा प्रश्न नाही. रंगभूमी, आकाशवाणी, दूरदर्शन आणि चित्रपट ही चार माध्यमे एकाच कलावंताकडून चार वेगवेगळ्या गोष्टी मागतात आणि उरलेल्या बाजूला ठेवतात. त्यांची कारकीर्द हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे.

आशालताबाई मूळ गोव्याच्या. मराठी संगीत रंगभूमीला गोव्याने किती माणसे दिली ते पाहा. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचे. ज्योत्स्ना भोळे, रामदास कामत, प्रसाद सावकार ही सगळी गोव्याचीच. याचे कारण गोव्याच्या देवळांत आहे. तिथे देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनीच नाटक बसवायचे, अशी जुनी चाल. दिवसा दुकान किंवा बागायत सांभाळणारा माणूस रात्री अर्जुन होऊन गायचा. गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य १९६१ पर्यंत होते. त्या काळात पोटापाण्यासाठी मुंबईला आलेल्या गोवेकरांनी आपली ही आवडही सोबत आणली. दि गोवा हिंदू असोसिएशनचा कलाविभाग हे त्याचे मोठे फळ.

आशालताबाईंचे शिक्षण गिरगावात, सेंट कोलंबा शाळेत झाले. पुढे त्यांनी काही काळ मंत्रालयात अर्धवेळ नोकरी केली, ती करतच पदवी घेतली आणि नंतर मानसशास्त्रात एम. ए. केले. याच काळात त्या आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कोंकणी गाणी गात. म्हणजे त्यांचा आवाज लोकांपर्यंत गेला तो आधी घरच्या भाषेतून. हा धागा ध्यानात ठेवा. पुढे तो पुन्हा हाती येणार आहे.

रंगभूमीवर त्यांनी पाऊल ठेवले ते गोवा हिंदू असोसिएशनच्या 'संगीत संशयकल्लोळ'मध्ये रेवतीची भूमिका करून. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १९१६ मध्ये गाण्यांसह रंगभूमीवर आले आणि अजून त्याचा गोडवा ओसरलेला नाही. रेवती हे पात्र वरवर सोपे वाटते, पण गाणाऱ्या नटीची ती परीक्षा असते. नाटक विनोदी, संवाद पळत असतात. एक वाक्य हसत बोलायचे, दुसरे रुसून बोलायचे आणि तिसऱ्याला पेटीचा सूर पकडून पदात शिरायचे. पद संपले की टाळ्यांकडे न पाहता पुन्हा त्याच रुसव्यात परत यायचे. गळा तयार असून भागत नाही. बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले, हे प्रेक्षकाला जाणवता कामा नये.

संगीत नाटक म्हणजे काय, हे नव्या पिढीसाठी थोडे सांगायला हवे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० मध्ये झाले तेव्हा त्यात पदांची संख्या दोनशेच्या घरात होती. नाटक रात्रभर चाले. पुढे बालगंधर्वांच्या काळात पदे कमी झाली, पण एकेक पद लांबत गेले. प्रेक्षक 'वन्स मोअर' देत आणि शकुंतला किंवा सुभद्रा आपले दुःख बाजूला ठेवून तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गाई. मजा होती, पण नाट्य थांबून राही. १९३१ मध्ये बोलपट आला, थिएटरे चित्रपटांकडे गेली आणि मोठमोठ्या नाटक मंडळ्या मोडकळीला आल्या. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी करायच्या, हेही साधारण याच काळात रुजू लागले. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा गाणारी नायिका ही खरोखरीची बाई असू शकते, याची प्रेक्षकांना सवय व्हायला लागली.

संगीत नाटक आता संपले असे पुष्कळांना वाटत असतानाच साठच्या दशकात त्याला पुन्हा पालवी फुटली. १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचे 'पंडितराज जगन्नाथ' आले, १९६३ मध्ये 'मंदारमाला', १९६४ मध्ये 'मत्स्यगंधा', १९६६ मध्ये 'ययाति आणि देवयानी' आणि १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'. आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट अशी की यातली दोन नाटके नाशिकमध्ये राहणाऱ्या लेखकांची आहेत. 'ययाति आणि देवयानी' तात्यासाहेब शिरवाडकरांचे आणि 'मत्स्यगंधा' प्रा. वसंत कानेटकरांचे. कानेटकर आपल्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकवत असत. वर्गात मराठी शिकवायची आणि घरी येऊन नाटक लिहायचे, असा त्यांचा क्रम.

'मत्स्यगंधा'मध्ये सत्यवती झाल्या आशालता आणि पराशर झाले रामदास कामत. संगीत होते जितेंद्र अभिषेकींचे. नाट्यसंगीताच्या दालनात त्यांनी प्रवेश केला तो याच नाटकातून. कथा महाभारतातली. यमुनेवर नाव वल्हवणारी कोळ्याची मुलगी. पराशर ऋषी तिच्या आयुष्यात येतो आणि निघून जातो. पुढे राजा शंतनू तिला मागणी घालतो. तिच्या मुलाला राज्य मिळावे म्हणून देवव्रत आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो आणि भीष्म होतो. फसवली गेलेली मुलगी राणी होते, पण तिच्या हट्टाची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते. म्हणजे एकाच नटीने पहिल्या अंकात अल्लड पोर व्हायचे आणि शेवटी सगळे गमावलेली राजमाता. आणि हा सगळा प्रवास नुसता बोलून नाही, गाऊनही दाखवायचा.

अभिषेकींनी इथे जुन्या चालीरीतीला हळूच वळण दिले. त्यांनी पद आटोपशीर केले. रागाचा पाया ठेवला, पण ताना-आलापांना लगाम घातला. पद हे पात्राच्या मनातला विचार वाटावे, मैफल वाटू नये, असा त्यांचा प्रयत्न होता. रामदास कामतांसारखा दमदार गवई असेल तिथे त्यांनी सुरांना मोकळे रान दिले. आशालताबाईंच्या पदांत मात्र शब्दाला पुढे ठेवले. म्हणूनच ती पदे शास्त्रीय संगीत न शिकलेल्या माणसाच्याही ओठांवर बसली. आणि म्हणूनच, मला वाटते, माझ्या अम्मीला 'लफ्ज' साफ ऐकू आला.

यातल्या एका पदाविषयी कवी म्हणून मला विशेष सांगायचे आहे. 'मत्स्यगंधा'ची पदे कानेटकरांची, पण आशालताबाईंचे सर्वांत गाजलेले पद बालकवींचे आहे. 'तू तर चाफेकळी' ही ती कविता. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपल्या शेजारच्या खानदेशातले, धरणगावला १८९० मध्ये जन्मलेले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात तो गेला. त्याचे वय होते अवघे सत्तावीस. कवी गेल्यानंतर पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी ही कविता नाटकात आली आणि जणू सत्यवतीसाठीच लिहिलेली असावी इतकी चपखल बसली. कारण साधे आहे. कवितेतली मुलगी यमुनेकाठच्या रानात एकटी आहे आणि सत्यवतीही यमुनेचीच. काहीतरी हरवल्याची हुरहुर दोघींना आहे, पण काय हरवले ते दोघींनाही सांगता येत नाही.

हे पद आशालताबाईंनी कसे गायले आहे, ते पुन्हा एकदा ऐका. त्या शब्दाला सजवत नाहीत. प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारतात आणि ओळीच्या शेवटी सूर किंचित सैल सोडतात, जणू पुढे काय बोलावे हे मुलीला सुचत नाही. कवितेच्या वाचनात जिथे थांबायला हवे, तिथेच गाण्यात थांबणे ही अवघड गोष्ट असते. चालीला शब्द ओढून नेऊ द्यायचा नाही, यासाठी गायकाला कविता कळावी लागते. याच नाटकातले त्यांचे दुसरे प्रसिद्ध पद शोकाचे आहे. आयुष्यभराच्या झगड्याला आता काही अर्थच उरला नाही, असे वाटणाऱ्या बाईचे ते पद. तिथे तोच आवाज जड होतो, पण रडत नाही. रडायचे काम त्यांनी ऐकणाऱ्यावर सोडले आहे. अभिनय आणि गायन वेगळे न राहिल्याची ही खूण आहे.

ही पदे ध्वनिमुद्रिकेवर आली आणि आकाशवाणीने ती घराघरांत नेली. आता गंमत पाहा. रंगभूमीवर सत्यवती पूर्ण होती. तिला देह होता, चाल होती, नजर होती, संवाद होते आणि गाणेही होते. आकाशवाणीने त्यातला फक्त आवाज उचलला. आमच्यासारख्या गावोगावच्या लाखोंना तो मिळाला, पण चेहरा नाही मिळाला. माझ्यासाठी आशालता वाबगांवकर म्हणजे फळीवरच्या रेडिओतून येणारे तीन-चार मिनिटे, इतकेच.

मग आले दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतर देशातले हे दुसरे केंद्र. चित्र कृष्णधवल, स्टुडिओ लहान, प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास. कार्यक्रम भरण्यासाठी माणसे हवी होती आणि जवळ तयार माणसे होती ती रंगभूमीवरची. एकटीने सगळे 'सौभद्र' सादर करणाऱ्या सुहासिनी मुळगांवकर यांच्यासारख्या कलावती तर दूरदर्शनच्या निर्मात्याच झाल्या. त्या पहिल्या वर्षांत नाटके, नाट्यगीते, गप्पा यांनी छोटा पडदा गजबजून गेला.

पण रंगमंचावरच्या कलावंताला कॅमेऱ्यापुढे बरेच काही विसरावे लागते. थिएटरात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचे असते, म्हणून आवाज फेकावा लागतो, हात मोठे करावे लागतात. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर असतो. तिथे भुवई जरा जास्त उचलली तरी भडक दिसते. नाटकात पद चालू असताना प्रेक्षक गळा ऐकतो. पडद्यावर तो चेहराच पाहत बसतो. तान घेताना वेडावाकडा होणारा चेहरा जवळून पाहायला कुणाला आवडत नाही. त्यामुळे या नव्या माध्यमाने गाणाऱ्या नटांपैकी काहींना गायक म्हणून ठेवून घेतले, तर काहींना नट म्हणून. दोन्ही मिळून एक असलेला 'संगीत नट' त्याला फारसा पेलला नाही.

आशालताबाईंना छोट्या पडद्याने नटी म्हणून निवडले, आणि तेही कशातून? मुंबई दूरदर्शनवरच्या कोंकणी नाटकांतून. मघाचा धागा तो हाच. आकाशवाणीवर ज्या घरच्या भाषेत त्या गायल्या होत्या, त्याच भाषेत त्या आता दूरदर्शनवर बोलल्या. दिग्दर्शक बासू चटर्जी यांनी त्यांना तिथे पाहिले आणि 'अपने पराये' या चित्रपटासाठी विचारले. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कथेवरचा हा चित्रपट १९८० मध्ये आला. त्यात उत्पल दत्त, शबाना आझमी, अमोल पालेकर, गिरीश कर्नाड अशी मातब्बर मंडळी होती. थोरल्या सुनेच्या भूमिकेसाठी आशालताबाईंचे नाव फिल्मफेअरच्या साहाय्यक अभिनेत्रीच्या नामांकनात गेले.

मला यात मोठा अर्थ दिसतो. आपल्याला वाटते, मोठ्या पडद्यावर जायचे तर घरची बोली सोडावी लागते. इथे उलटे झाले. ज्या भाषेत माणूस विचार न करता बोलतो, त्या भाषेत त्याचा चेहरा खोटे बोलत नाही. कोंकणी नाटकातला त्यांचा सहजपणा बंगाली दिग्दर्शकाला हिंदी चित्रपटासाठी हवासा वाटला. मी दखनी बोलणाऱ्या घरात वाढून मराठीत कविता लिहितो. मला लोक विचारतात, ही भाषा तुमची कशी? त्यांना मी हे उदाहरण देतो. कोंकणी घरातली मुलगी मराठी सत्यवती होते आणि बालकवींचे शब्द तिच्या तोंडून महाराष्ट्राला पाठ होतात. ती भाषा मग तिची नाही तर कुणाची?

पुढची कहाणी तुम्हाला ठाऊक आहे. शंभरावर हिंदी-मराठी चित्रपट. १९८२ चा 'उंबरठा', १९८४ चा 'नवरी मिळे नवऱ्याला', १९८६ चा 'अंकुश'. बहुतेक ठिकाणी आई, वहिनी, आजी. त्यांनी या भूमिका मनापासून केल्या आणि कुठेही कमी पडल्या नाहीत. पण हिंदी चित्रपटात गाणे गायचे काम पार्श्वगायिकेचे असते, नटीने फक्त ओठ हलवायचे असतात. ज्या बाईंनी स्वतःच्या गळ्याने 'मत्स्यगंधा' तोलले, त्यांच्याकडे कॅमेऱ्याने गळा मागितलाच नाही. आकाशवाणीने आवाज घेतला आणि चेहरा सोडला. पडद्याने चेहरा घेतला आणि आवाज सोडला. त्यांची पूर्ण कला पाहिली ती फक्त १९६४ नंतरच्या काही वर्षांत थिएटरात बसलेल्या माणसांनी. आमच्या शेजारच्या काकूंनी.

यात अन्याय झाला, असे मी म्हणत नाही. त्यांना काम मिळाले, मान मिळाला, देशभर चेहरा पोचला. पण नुकसान आपले झाले. नाटकाचा प्रयोग संपला की हवेत विरतो. दूरदर्शनच्या त्या सुरुवातीच्या काळात टेप महाग असत, एका टेपवर पुन्हा पुन्हा मुद्रण होई आणि जुने पुसले जाई. त्यामुळे त्या काळातले कितीतरी गाणारे नट आज आपल्याला चालता-बोलता पाहता येत नाहीत. उरल्या त्या ध्वनिमुद्रिका आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी.

आशालताबाईंना स्वतःला आपली खरी ओळख कोणती वाटत होती? त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव याचे उत्तर देते. शंभरावर चित्रपट करणाऱ्या या अभिनेत्रीने पुस्तकाला नाव दिले 'गर्द सभोवती'. बालकवींच्या त्याच कवितेतून, 'मत्स्यगंधा'तल्या त्याच पदातून घेतलेले.

अखेरपर्यंत त्या काम करत राहिल्या. साताऱ्यात 'आई माझी काळुबाई' या मालिकेचे चित्रीकरण चालू असताना त्यांना करोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबर २०२० रोजी त्या गेल्या. वय एकोणऐंशी. त्या दिवशी घराबाहेर पडायची सोय नव्हती. दूरचित्रवाणीवर त्यांच्या आईच्या भूमिकांची दृश्ये दाखवत होते. मी आवाज बंद केला, चित्र तसेच राहू दिले आणि शेजारी 'मत्स्यगंधा'चे पद लावले. समोर तो शांत चेहरा आणि कानांत तो स्वच्छ शब्द. माझ्या दोन्ही ओळखींची ती पहिली भेट.

श्रोतेहो, तुमच्या घरात, शेजारात अशी वडीलधारी माणसे अजून असतील, ज्यांनी ही संगीत नाटके समोर बसून पाहिली आहेत. त्यांना विचारा. कोण कसे गात असे, पद संपल्यावर परत संवादात कसे येत असे, प्रेक्षक कुठे थांबत, कुठे हसत. ते सांगतील ते लिहून ठेवा. ध्वनिमुद्रिकेत आवाज आहे, चित्रफितीत चेहरा आहे. ते दोन्ही जोडणारी गोष्ट आता फक्त या माणसांजवळ आहे.